यमुनाबाईंचं घर सोडून

भूत, करणी, भानामती... माझा यातल्या कशावरच कधी विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणणार नाही. पण हा प्रकार माझ्याच आवाजामुळे झाला, म्हणून लिहितोय.

मी श्रीरामपूरला राहतो. रिक्षावर भोंगा लावून जाहिराती करतो — साड्यांचा सेल, सप्ताह, निवडणूक, काय असेल ते. एकदा मोबाईलवर आवाज रेकॉर्ड केला की दिवसभर तोच वाजतो. बेलापूरच्या बाजूला हायवेचं काम निघालं. ग्रामसभेचा ठराव झाला, मोजणी झाली, राहिली फक्त रस्त्याकडेची अतिक्रमणं. ठेकेदाराच्या माणसाने मला बोलावलं. "रस्त्यालगतच्या सर्व रहिवाशांनी आपली घरे व दुकाने रविवारपर्यंत स्वतःहून काढून घ्यावीत" — एवढंच वाक्य. मी ते वस्तीतून फिरवलं.

लोकांनी शिव्या घातल्या, पण पत्रे उतरवायला लागले. टोकाला यमुनाबाई नावाची म्हातारी होती. पत्र्याचं घर, पुढे फुटाण्याची भट्टी. नवरा, तात्या, लकव्यामुळे खाटेवर. त्या मात्र निवांत. मला बघितलं की हसून ओंजळभर फुटाणे द्यायच्या. मला वाटलं, यांची कुठंतरी सोय झाली असेल.

सोमवारी सकाळी जेसीबी आला, पोलीस आले, कारवाईवाले साहेब आले. मीही भोंगा घेऊन हजर. बाकीची सगळी घरं रिकामी... आणि यमुनाबाईंची भट्टी पेटलेली!

"आजी, सामान का नाही काढलं?" साहेब ओरडले.

"माजं न्हाई पाडायचं. ह्या पोरानंच सांगितलंय की." बोट माझ्याकडे.

"मी? मावशी, मी कधी सांगितलं?"

"भोंग्यावर! 'यमुनाबाईंचं घर सोडून बाकीच्यांनी काढून घ्या', आसं रोज म्हन्तोस की."

मी हसलोच. पण शेजारचा सलूनवाला पुढे आला. "व्हय साहेब, आमी बी ऐकलंय. तिलाच का सोडलं म्हनून लई चिडल्तो आमी."

साहेबांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "वाजव," म्हणाले. मी वाजवलं. शब्द न् शब्द तोच होता — सर्व रहिवाशांनी. मी ऐकलं, साहेबांनी ऐकलं, पोलिसांनी ऐकलं.

"ऐकलं का आता?"

"ऐकलं की," यमुनाबाई समाधानाने म्हणाल्या. "सोडून म्हनला." आणि मागे उभी असलेली सगळी वस्ती 'व्हय व्हय' करायला लागली...

साहेब हसले. "कानात फुटाणे गेलेत आजी तुमच्या!" पोलीसही हसले. साहेबांनी जेसीबीवाल्याला हात केला.

तात्यांची खाट चौघांनी उचलून उन्हात ठेवली. त्यांना बोलता येत नव्हतं, डोळे तेवढे घराकडे. भांडी, कपडे, धान्य, सगळं पत्र्याखाली गेलं. पेटती भट्टी चिरडली तेव्हा तापलेली वाळू यमुनाबाईंच्या पायावर उडाली. त्या हलल्या नाहीत. माझ्याकडेच बघत होत्या.

दोघांनी शाळेच्या ओट्यावर आसरा घेतला होता. तात्या त्याच आठवड्यात तिथेच गेले.

ती क्लिप माझ्या मोबाईलमध्ये तशीच होती. एका दुपारी डिलीट करण्याआधी शेवटची म्हणून लावली. बायको आत भाकरी करत होती. तिला मी यातलं काहीही सांगितलं नव्हतं. ती आतूनच म्हणाली, "अहो, ही यमुनाबाई कोण? तिचं एकटीचंच घर का सोडलं?"

मी पटकन क्लिप बंद केली.

दुसऱ्या दिवशी तिकडे गेलो. रस्त्याच्या भरावाशेजारी ताडपत्रीखाली यमुनाबाई बसल्या होत्या, पायाला फडकं गुंडाळलेलं. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही बरोबर होतात. माझ्या बायकोलाही ऐकू आलं." वाटलं, ऐकून त्यांना बरं वाटेल.

"वस्तीतली मान्सं आता न्हाई म्हन्त्यात," त्या म्हणाल्या. "म्हन्त्यात, तुजेच कान फिरले. मीबी तसंच धरून बसल्ते... माज्याच चुकीनं म्हातारा गेला म्हनून."

त्यांनी पायावरचं फडकं सारखं केलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "म्हंजी खरंच सोडलं हुतं व्हय रं? मग पाडलं का?"

मी तसाच उठून निघून आलो. ते शब्द कुठून आले, हे मला आजही सांगता येत नाही.