बाबासोंची पॅनेलरूम

कागलकडच्या एका साखर कारखान्याची पॅनेलरूम बाबासो कांबळ्यांनी ब्याण्णव साली आखली होती. विजेची कपाटं तापू नयेत म्हणून बाहेरची हवा गाळून आत ढकलायची, एवढंच काम. पण ते त्यांचं पहिलं. गडमुडशिंगीच्या घरात जेवणाच्या पाटावर कागद पसरून त्यांनी झडपा नि पंखे आखले होते, आणि त्यांच्या बायकोनं, तानूबाईंनी, दोन दिवस पाट मागितला नव्हता. पुढं सांगलीपासून बेळगावपर्यंत चाळीसेक खोल्या केल्या. तरी कुणी विचारलं की ते याच खोलीचं सांगत बसत.

यंदा मार्चमध्ये तिथून फोन आला. खोली तापते, यंत्रं बंद पडतात, पंखे काढून एसी बसवायचं चाललंय. अवंतिका नावाची इंजिनिअर नवा नकाशा करतेय, तिला जुने आकडे हवेत.

"माझी खोली मोडाय निघाल्यात," बाबासो म्हणाले.

"मग जावा की. हितं बसून थंड हुत्या व्हय ती?" तानूबाई म्हणाल्या.

दोष खोलीचा नसणार, याची बाबासोंना खात्री होती. फिल्टर धुतले नसतील, नाहीतर पंखा उलटा फिरत असेल. खोलीपाशी पोचताच त्यांनी दार बोटभर उघडलं आणि फटीत शिवणाचा दोरा धरला. हवा आतून बाहेर येत असेल तर बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा, भुसा आत शिरत नाही. दोरा बाहेर वळला पाहिजे. तो बाहेरच वळला, अगदी ताठ. बत्तीस वर्षं लोकांनी खोली नीट सांभाळली होती. कधी नव्हे ते बाबासोंना वाटलं, आत वळला असता तर बरं झालं असतं.

मग ते अवंतिकाशेजारी बसले आणि एकेक कपाट किती उष्णता टाकतं ते मांडू लागले. तेव्हा साधे स्टार्टर होते. आता मोटारींचा वेग बदलणारे ड्राइव्ह. उष्णता चौपट झालेली. बाहेर अडतीस अंश, आणि पंखा बाहेरच्यापेक्षा थंड हवा आणणार कुठून? त्यांनी हिशेब दोनदा केला. अवंतिकाला उत्तर आधीच ठाऊक होतं.

"पंख्यानं भागत न्हाय पोरी. एसीच पायजे," ते म्हणाले. "पर एक पंखा ठेव. एसी भुसा अडवत न्हाय."

तिच्या नकाशात पंखा नव्हता. तिनं तो आखला. बाबासोंनी पेन्सिल मागून घेतली आणि नकाशात त्या पंख्याच्या झडपेशेजारी, भिंतीच्या रेघेवर, एक बारीक गोल केला.

"हे काय, काका?"

"खिळा."

पहिल्या वर्षी खंडेनवमीला यंत्रांची पूजा करताना कामगारांनी झेंडूचा भलामोठा हार हवेच्या झडपेवरच चढवला होता. दुपारपर्यंत खोली भट्टी झाली. बाबासोंच्या घरी खंडेनवमी पाळत नसत, पण हार काढा म्हणायला जीभ रेटेना. त्यांनी झडपेपासून हातभर बाजूला खिळा ठोकला, हार तिथं गेला. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक नकाशात खिळा असे.

अवंतिका हसली नाही. तिनं पट्टी ठेवून अंतर मोजलं.

"हातभर म्हणजे किती धरू?"

बाबासोंनी आपला हात टेबलावर लांब केला. "मोज," ते म्हणाले.