शेजारी कोन बसतं?

सांगलीत मार्केट यार्डामागं जुन्या जीपांचं काम करणारा एक मिस्त्री आहे. मागच्या अ‍ॅक्सलमध्ये कुठली क्राऊन-पिनियनची दातेरी चाकं घालायची, हे तो गाडी बघून ठरवत नाही. मालकालाच विचारतो, "घाट किती चढता? आन् शेजारी कोन बसतं?" शेजारी कोणी बसणारं असलं, की सायलेन्सरचा घुमारा पार घालवतो. "साठच्या स्पीडला बोलनं ऐकू याय पायजे," म्हणतो. ट्रायलला स्वतः मात्र मागं डोळे मिटून गप्प बसतो.

यंदा मी जीप नेली, तेव्हाही त्यानं तेच विचारलं. बायको जाऊन चार महिने झाले होते.

"आता कोणी नाही," मी म्हणालो.

आधीच पुसलेले हात तो पुन्हा पुसत राहिला.

क्राऊन झकास बसलं. पसरणीचा घाट गाडी न कण्हता चढली. पण सपाटीला साठ गाठले, की सायलेन्सर घुमायचा. मी चिडून परत गेलो.

"मुद्दाम ठेवलाय थोडा," तो म्हणाला. "मोकळ्या गाडीत लय शांतता सोसत न्हाई."

मग शटर ओढून तो आपल्या जीपमधून घरी निघाला. वळणाआड गेल्यावरही तिचा घुमारा कितीतरी वेळ ऐकू येत होता.