वाफ्यावरची सुतळी

आमच्या बियाणे कंपनीच्या मालकांना शेठ म्हटलेलं चालायचं नाही. "शेठ तिकडं जुन्या जालन्यात, कापडाच्या दुकानात. मी शेतकऱ्याचा पोरगा हे. काका म्हणा," असं ते पहिल्याच दिवशी सांगायचे. मीही काका म्हणू लागले. नव्वदीच्या दशकात बी.एस्सी. झालेल्या मुलीला शिक्षिका होण्यापलीकडे कुणी काही सुचवत नसे. या माणसाने मला बियाण्याची उगवण तपासायचं काम दिलं. माझे वडील मी लहान असतानाच गेले होते, त्यामुळे तो 'काका' शब्द माझ्या तोंडात जरा जास्तच रुळला.

कंपनीच्या फाटकाजवळ, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा लांबलचक वाफा होता. गोदामातल्या प्रत्येक लॉटमधलं मूठभर बी तिथे एकेका पट्ट्यात पेरायचं आणि शेजारी लॉटचा नंबर लिहिलेली खुंटी रोवायची. नीट उगवलं तर माल बाहेर. नाही उगवलं तर मी त्या पट्ट्यावर आडवी सुतळी बांधायची. सुतळी बांधली की त्या लॉटची एक पिशवीही फाटकाबाहेर जायची नाही, आणि ती सोडायचा हक्क फक्त बांधणाऱ्याला. हा नियम काकांनीच केलेला. शेतकरी आधी वाफा बघायचे, मग आत येऊन माल घ्यायचे.

पहिल्याच वर्षी मी घाबरत घाबरत ज्वारीच्या एका लॉटवर सुतळी बांधली. मॅनेजर माझ्यावर खेकसले. काकांनी सगळ्यांना फाटकाशी बोलावलं आणि माझ्या हातावर पेढा ठेवला. "इथं मालक मी न्हाई. इथं मालक ही सुतळी हे," ते म्हणाले. हमालांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर हमालसुद्धा न भिता सांगू लागले, ताई, त्या कोपऱ्यातल्या थप्पीला ओल लागलीय, जरा पाहा. कामाच्या जागी खरं बोलायची भीती नसली की किती मोकळं वाटतं, ते मला तिथे कळलं.

मग कपाशीचा तो लॉट आला. गेल्या सालचा उरलेला, गोदाम गळून भिजलेला, आणि भलामोठा. मृग तोंडावर होता. पट्ट्यात इथे एक, तिथे एक रोप वर आलं, बाकी नुसती माती. मी सुतळी बांधली. काका हात मागे बांधून वाफ्याशी उभे राहिले. "बराबर केलंस पोरी," म्हणाले. मी सांगितलं, उद्या चतुर्थी आहे, सासूबाईंना राजूरला गणपतीला न्यायचंय. "जा की. माझ्याबी नावानं हात जोड." मी जोडलेही!

राजूरहून परत कामावर आले तर सुतळी गायब आणि पट्टा हिरवागार.

"उगवलं की गं!" काका हसत म्हणाले. "बी जरा आळशी निघालं. तू न्हवतीस, मंग मीच सोडली सुतळी."

नियम मोडल्याचं खटकलं, पण खरं सांगते, आनंद झाला. वाटलं, आपणच घाई केली. काका खोटं बोलतील ही शंका यायला माझ्या डोक्यात जागाच नव्हती.

दुपारी ऊन चढलं. शेजारच्या पट्ट्यांतली रोपं ताठ उभी, आणि या पट्ट्यातली सगळी माना टाकून बसलेली. मी एक रोप धरलं. ओढावंही लागलं नाही, सहज हातात आलं. मुळाशी काळी माती होती. आमचा वाफा तांबड्या मुरमाड मातीचा. काळी माती काकांच्या मळ्यातली. तिथे चांगलं बी पेरून, त्याची रोपं इथे आणून लावली होती. आणि रोपं आठवडाभराची तरी होती. म्हणजे मी सुतळी बांधली त्याच्या आधीच ती मळ्यात पेरली गेली होती. "बराबर केलंस पोरी" म्हणताना या माणसाला सगळं माहीत होतं.

मी तडक त्यांच्या खोलीत जाऊन रोप टेबलावर ठेवलं. "काका, हे कुणी लावलं?"

"मीच." त्यांनी नजरसुद्धा चुकवली नाही. "दुसऱ्याच्या हातानं लावलं असतं तर बोंब झाली असती. हा माल पडून राह्यला, दुकानांत येळेवर पोचला न्हाई, तर दुकानदार पुढच्या साली दारात उभं करणार न्हाईत. आन् लोक काय मला पाहून माल नेतात का? वाफा पाहून नेतात. तिथं तू हाईस म्हणून नेतात. तू फकस्त गप राह्य."

केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला त्यांच्या खुर्चीसमोर समजलं. माझा खरेपणा त्यांच्या पिशवीवरचा छाप होता, बस्स.

बाहेर आले तर फाटकाशी शेतकऱ्यांची गर्दी, आणि त्यात माझा सख्खा धाकटा भाऊ, अंबडकडच्या आमच्या गावाहून आलेला. "ताई, सकाळी आल्या आल्याच तुझा वाफा पाह्यला. एकदम झकास! जल्दी पिशव्या काढून दे, टेम्पो थांबलाय."

मी वाफ्यात बसले आणि रोपं उपटायला लागले.

"काय करून राह्यली तू हे?" भाऊ ओरडला.

"हे बी उगवलेलं नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "ही रोपं दुसरीकडून आणून लावलीत." पट्टा मोकळा केला आणि पुन्हा सुतळी बांधली. टाळ्या वाजवणारे तेच हमाल आजूबाजूला होते. एकानेही वर पाहिलं नाही. काका दारात आले. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. "पोरी, घरी जा," एवढंच म्हणाले, अगदी मायेने. मी गेले ती कायमची.

त्या दिवशी फाटकातून ती कपाशी गेली नाही. पुढे एका हमालाने बाजारात गाठून सांगितलं, की तोच माल नंबर बदलून दुसऱ्या जिल्ह्यात गेला. माझा भाऊ वाचला. तिकडच्या कुणाकुणाच्या भावांनी ते बी पेरलं असणार. त्या गोष्टीचा माझा संताप अजून जात नाही.

बऱ्याच वर्षांनी शेजारची मुलगी त्याच कंपनीत त्याच कामाला लागली. पहिल्या दिवशी धावतच माझ्याकडे आली. "काकू, काका नवीन माणसांना तुमची गोष्ट सांगतात! एका पोरीनं भर गर्दीत वाफा उपटला आन् आम्ही तिला शाबासकी दिली, अशी आपली कंपनी हे, म्हणाले. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला पेढाबी दिला." तिचे डोळे चमकत होते. "खरं हे ना, काकू?"

माझ्या ओठावर खूप काही आलं. पण ती उद्या त्या फाटकात जाणार होती, आणि तिच्या उपयोगाचं एकच होतं.

"वाफा मी उपटला, ते खरं आहे," मी म्हणाले. "आणि एक ऐक. सुतळी बांधलीस की दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊ नकोस."