यादीतली चाकांची ओळ

संकटात माणसाला देव आठवतो म्हणतात. मला तेव्हा आठवला नाही, हे आधीच कबूल करते.

बंगळूरहून मद्रासला येणाऱ्या लहान विमानात मुख्य वैमानिक छातीत कळ येऊन बेशुद्ध पडले. त्यांना मागे आणून निजवलं. विमान आता एकट्या तरुण सहवैमानिकाच्या हाती होतं. शेजारचे तंजावरकडचे वृद्ध हेडमास्तर हळूच म्हणाले, "अक्का, त्यालाही काही झालं तर आपल्यातलं कोण उतरवणार हे?" मी सवयीने मनात यादी मांडली. एक, दार उघडून आत जाणे. दुसरं काही सुचेना.

तेवढ्यात एअर होस्टेस आली. उतरण्याआधीची तपासणी कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवायला हवी होती आणि तिला आजाऱ्यापासून हलता येत नव्हतं. हेडमास्तरांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्यांना न्या. मघापासून कागद-पेन्सिल घेऊनच बसल्यात."

आत सहवैमानिकाने माझ्या हाती तपासणीची यादी छापलेला एक पुठ्ठा दिला. "मी 'झालं' म्हटल्याशिवाय पुढची ओळ वाचू नका," एवढंच त्याने बजावलं. पण माझी खोड जुनी. घरी काम सांगितलं की ते झालंच, असं धरून मी खूण करते. मी "चाकं" असं वाचलं, त्याचा हात दांड्याकडे गेला आणि तेवढ्यात रेडिओवर खालून विचारणा झाली. तो उत्तर देऊ लागला. मी मनात खूण करून पुढची ओळ वाचायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. सर्दी नव्हती, खोकला नव्हता. बोट चाकांच्या ओळीवरच राहिलं. बोलणं संपवून त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पुठ्ठ्यावरच्या माझ्या बोटाकडे. "चाकं राहिली," म्हणाला आणि दांडा ओढला. पायाखाली काहीतरी धडधडलं. चाकं उतरल्याचा दिवा लागेपर्यंत तो थांबला. "झालं." पुढची ओळ मी खणखणीत वाचली.

मद्रासच्या मीनंबाक्कम विमानतळावर आम्ही अलगद टेकलो. वैमानिकही पुढे बरे झाले. चाकांचं सहवैमानिकाच्या आपणहून लक्षात आलं असतं, असं आमचे हे म्हणतात. आलंही असतं. मी वाद घालत नाही. माझ्या वाट्याला एक ओळ वाचणं आणि थांबणं एवढंच होतं, आणि थांबणं मला जमत नव्हतं. ते कुणीतरी माझ्याकडून करून घेतलं. आता देवापुढे गाऱ्हाणं सांगून मी लगेच उठत नाही. हात जोडून थोडी बसून राहते. बाकीची कामं तोवर खोळंबतात, खोळंबू देत.