स्कार्फ न बांधलेली मी

भूतबीत, चमत्कार असलं काही मी कधीच मानलं नाही. पुण्यात वाढलेल्या माणसाला आधी पुरावा लागतो! त्यामुळे तुम्हीही विश्वास ठेवा असं म्हणत नाही... जे झालं ते फक्त सांगते.

मी कोथरूडला एकटी राहते. पस्तिशीनंतर चेहऱ्यावर, हातांवर कोड उठलं. औषधं झाली, उपास झाले. मग उरला स्कार्फ आणि हातमोजे. स्कूटरवर सगळ्याच बायका डोळ्यांपुरतं उघडं ठेवतात, त्यात मी खपून जायचे. फक्त, त्या उतरल्यावर सोडतात... मी सोडत नसे. त्या उन्हाळ्यात तर सकाळी जाग आली की वाटायचं – आपण असलो काय, नसलो काय.

तेव्हाच एकदा शेजारच्या कुलकर्णीकाकू जिन्यात म्हणाल्या, "काल शनिवार पेठेत दिसलात, बांगड्यांच्या दुकानात. स्कार्फ नव्हता! हाक मारली तर नुसत्या हसलात."

आदल्या दिवशी मी तापाने घरातच पडून होते.

"दुसरं कुणी असेल, काकू."

"अहो, तुमच्यासारखा चेहरा दुसऱ्या कुणाचा असणार?"

त्यांना तसं म्हणायचं नसेल... पण लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रागारागाने त्या दुकानात गेले. गल्ल्यावर एक म्हातारे चाचा होते. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. स्कार्फ सोडला.

"मला ओळखता?"

"म्हणजे काय ताई! परवाच तर भरल्या. इतक्यात वाढवल्या?" ते हसले. "मनगटावरच्या पांढऱ्या डागामुळे मी हात जपून धरत होतो, तर तुम्हीच म्हणालात – चाचा, नीट धरा, दुखत नाही ते."

मी हातमोजा काढला, बाही वर केली. डाग होता. हात मात्र ओका होता. चाचांचं हसू मावळलं.

मीच हात पुढे केला. "भरा."

"त्याच? हिरव्या?"

"त्याच."

त्यांनी हात घट्ट धरला. कित्येक वर्षांत माझा हात कुणी धरला नव्हता... मी तिथेच रडले. परत येताना स्कार्फ बांधला नाही. लोक बघत होते. बघू दिलं.

उदासी गेली असं नाही. अजूनही काही सकाळी उठवत नाही. ती बाई मात्र पुन्हा कुणाला दिसली नाही. भास म्हणावा, तर तो मला झालाच नव्हता. ती कोण होती, हा प्रश्नही आता मी सोडून दिलाय. एकच कळत नाही – माझाच चेहरा घेऊन भर बाजारात तिला हसू आलं कुठून?