दुप्पट गोळी

चौकातल्या सलूनवाल्याला मधुमेह निघाला तेव्हा त्याच्यापेक्षा त्याच्या बायकोनेच जास्त हाय खाल्ली. दुसऱ्याच दिवशी तिने साखरेचा डबा शेजारणीला देऊन टाकला. "तुम्ही खाल तेच मीही खाणार," ती म्हणाली. "तुमच्यासमोर बसून चमचमीत खाल्लेलं माझ्या घशाखाली उतरायचं नाही."

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, गोळी घ्यायची, वेळेवर जेवायचं आणि रोज चालायचं. सलूनवाल्याने त्यातली गोळी तेवढी मनावर घेतली. सकाळी ती पोटात गेली की त्याला दिवसभराचा परवानाच मिळे. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं, की शेजारच्या बेकरीतून क्रीम रोल आणायचा आणि आरशाकडे पाठ करून खायचा. पण सलूनच ते! समोरच्या भिंतीलाही आरसा होताच, आणि त्यात गाल फुगलेलं स्वतःचं तोंड दिसायचंच.

रक्तातली साखर काही उतरेना. बायकोला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. तिने बटाटा बंद केला, मग भात, मग तेल. ती इतकी वाळली की अंगठी बोटात राहीना; दोरा गुंडाळून घालायला लागली. "माझ्याच हाताला काही जमत नाही हो," एकदा ती रडवेली होऊन म्हणाली. सगळं अगदी त्याच्या ओठांवर आलं होतं. पण तो म्हणाला, "अगं, असतं एकेकाच्या अंगातच." दुसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा बेकरीत हजर.

डॉक्टरीणबाईंनी इन्सुलिनचं नाव काढलं, तेव्हा मात्र त्याची तंतरली. पुढच्या तपासणीच्या दिवशी त्याने शक्कल लढवली. सकाळी एकाऐवजी दोन गोळ्या गिळल्या, "नाश्ता दुकानात करतो" म्हणत डबा घेतला आणि तो उघडलाच नाही. आज तरी आकडा खाली दिसेल, एवढाच हिशेब.

दुपारी खुर्चीत एक निवृत्त पोस्टमन दाढीला बसले होते. अर्धी दाढी झाली आणि सलूनवाल्याला दरदरून घाम फुटला. हात लटपटला, वस्तरा कानाखाली लागला. रक्त पाहून तो "काका..." एवढंच पुटपुटला आणि खाली कोसळला.

बेकरीवाला साखरपाणी घेऊन धावला. चार घोट पोटात गेल्यावर सलूनवाल्याने डोळे उघडले. तोवर निरोप मिळून बायकोही धापा टाकत आली होती. बेकरीवाला भाबडेपणाने म्हणाला, "वहिनी, नवलच आहे! रोज माझ्याकडचा क्रीम रोल खाणाऱ्याची साखर उतरते कशी?"

"रोज?" तिने नवऱ्याला विचारलं.

"रोज," तो म्हणाला.

ती पोस्टमनकाकांकडे वळली. कापूस घेऊन त्यांच्या जखमेवर दाबून धरला आणि त्यांची माफी मागितली. चूक याची, माफी मागतेय ती. सलूनवाल्याला जमिनीवरून उठवेना.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी खाणं काय असतं?"

"यांना विचारा," बायको म्हणाली. "मला वाटायचं, मला ठाऊक आहे."

त्याने सगळं सांगितलं, दोन गोळ्यांचंही. "जिवावर बेतलं असतं," म्हणत बाईंनी त्याला चांगलं फैलावर घेतलं. मग त्यांची नजर बायकोकडे गेली. तिचं रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन फारच कमी निघालं. "यांचं पथ्य तुम्ही कशाला पाळत बसलात?" बाई म्हणाल्या. शिव्या खाताना गप्प बसलेला सलूनवाला तेव्हा ढसाढसा रडला.

आता तो गोळी एकच घेतो आणि वेळेवर जेवतो. साखर आटोक्यात आली, इन्सुलिन टळलं. बायकोच्या गालांवरही हळूहळू तजेला येतोय. रोज दोघं चालायला जातात. एकदा चालताचालता ती सहज बोलावं तसं म्हणाली, "तेव्हा ना, मी लवकर झोपायचे. जागं राहिलं की भूक लागायची."

ती दमून मागे पडत होती, म्हणून तो थांबला आणि तिच्या पावलाने चालू लागला.