स्टॅटिस्टिक्ससाठी सहम

युनिव्हर्सिटीच्या शेवटच्या वर्षी माझा एकच विषय उडाला, स्टॅटिस्टिक्स. एकोणचाळीस विषय पास, चाळिसावा नापास. हा विषय आमच्याकडे वर्षातून एकदाच, जानेवारीच्या सत्रात शिकवत. आणि डिसेंबरात डॅडी रिटायर होणार होते. आम्ही वसईचे, मस्कतजवळ अल हैलला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो, आणि मम्मीचा नि माझा व्हिसा डॅडींच्या नोकरीला बांधलेला. नोकरी खलास की व्हिसा खलास. एका विषयासाठी युनिव्हर्सिटी काही वेगळा व्हिसा देत नाही. म्हणजे डिसेंबरच्या आत स्टॅटिस्टिक्स सुटलं नाही, तर चार वर्षं पाण्यात.

गणितात मी पहिल्यापासून ढ. त्यात नववीपर्यंत वसईच्या मराठी शाळेत होते. इथे आल्यावर वर्गातली मुलं इंग्रजीत भांडायची, आणि मी उत्तर मनात जुळवेपर्यंत भांडण मिटून ती कॅन्टीनला गेलेली असायची. युनिव्हर्सिटीतही तेच झालं. सर स्लाइडवर स्लाइड पुढे ढकलत आणि मी मागच्याच स्लाइडवर अडकलेली.

वाट दाखवली ती चर्चमधल्या एका अंकलनी. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, मिसा झाली की वसईची माणसं आवारातल्या शेडखाली उभी राहतात, आणि नोकरी, खोली, लग्न, सगळी कामं तिथेच ठरतात. हे अंकल आमच्याच युनिव्हर्सिटीच्या रजिस्ट्रार ऑफिसात होते. ते म्हणाले, "सहमला एक कम्युनिटी कॉलेज आहे. उन्हाळ्यात तिथे हाच कोर्स चालतो. तिथे पास हो, क्रेडिट इकडे चढवून घेऊ आपण."

"आधी काही फॉर्म भरायचा असतो का?" मी विचारलं.

"कशाला? मी बसलोय ना तिथे."

मी आणखी काही बोलणार तोच डॅडींनी डोळे वटारले. आपल्या माणसाकडे कागद मागायचा म्हणजे त्याच्यावर विश्वास नाही असं तोंडावर सांगायचं, हा आमच्याकडचा कायदा. गंमत म्हणजे डॅडी हॉटेलात स्टोअरकीपर. सही केलेली चिठ्ठी नसेल तर खुद्द मॅनेजरलाही ते साधा बल्ब देत नसत. पण ती हॉटेलातली गोष्ट, चर्चमधली वेगळी.

अल हैलहून सहम म्हणजे दोन तासांचा रस्ता. डॅडींच्या ओळखीचे एक रत्नागिरीचे चाचा रोज सकाळी तिथल्या आपल्या कापडाच्या दुकानात जात, संध्याकाळी परत येत. त्यांच्या गाडीत मागे कापडाचे तागे आणि पुढे मी. आठ आठवडे आम्ही असे गेलो. बाहेर उन्हानं रस्ता भाजत असायचा आणि चाचा मला सूत्रं म्हणून दाखवायला लावायचे. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. "पोरी, पास झालीस की पयला फोन मला करायचास, काय?" एवढं मात्र रोज बजावायचे.

त्या कॉलेजकडे मी नाक मुरडूनच गेले होते. दोन मजली इमारत, खाली टायरचं दुकान. वर्गात आसपासच्या गावांतल्या बायका, बऱ्याचशा नोकरी करणाऱ्या, एक तर तान्ह्या बाळाला बहिणीकडे सोपवून येणारी. शिकवायला एक सुदानी सर. त्यांनी स्लाइड दाखवल्याच नाहीत. कुणाच्या शेतात किती बकऱ्या, कुणाच्या झाडाला किती खजूर, हे बायकांना विचारून फळ्यावर मांडलं आणि त्यावरच सगळं स्टॅटिस्टिक्स शिकवलं. आयुष्यात पहिल्यांदा मला गणित कळत होतं. बायका मला घासातला घास द्यायच्या आणि मी त्यांना इंग्रजी पुस्तक समजावून सांगायचे. मी बी प्लस मिळवून पास झाले. चाचांना फोन केला तर ते दुकानातल्या गिऱ्हाइकालाच ओरडून सांगायला लागले.

सप्टेंबरात मार्कशीट घेऊन युनिव्हर्सिटीत गेले, तर अंकलच्या खुर्चीवर एक ओमानी मॅडम. अंकलची नोकरी ऑगस्टमध्येच गेली होती आणि ते वसईला परतले होते. व्हॉट्सॲपवर त्यांचा निरोप आला, मी असतो तर केलं असतं, आता तिथे जी आहे तिलाच भेटा.

मॅडमनी नियम दाखवला. दुसरीकडे कोर्स करायचा तर त्याआधी विभागप्रमुखांची लेखी परवानगी हवी. नंतरची चालत नाही.

दुसऱ्या दिवशी डॅडी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर आले. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, खजूर दिला, कहवा दिला. वाईट वागली असती तर बरं झालं असतं, निदान तिला शिव्या तरी देता आल्या असत्या. डॅडींनी सगळी हकीकत हिंदीत सांगितली. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "अंकल, आप क्या काम करता है?"

"स्टोअरकीपर."

"बिना चिठ्ठी सामान देता है आप?"

खोटं बोलणं डॅडींना जमत नाही. "नो मॅडम," ते म्हणाले.

गाडीत बसल्यावर मी तोंड सोडलं. तुमच्या त्या शेडखालच्या गप्पांनी माझी डिग्री घालवली, म्हटलं. मी विचारत होते तेव्हा माझ्यावर डोळे वटारलेत, म्हटलं. आणखीही बरंच बोलले, जे बापाला बोलू नये. घर येईपर्यंत डॅडींनी गाडी फार सावकाश चालवली. त्यानंतर मी विभागप्रमुखांना अर्ज केला, डीनना केला. दोन्हीकडून इन्शाल्ला आलं, पुढे काहीच आलं नाही.

डिसेंबरातल्या आमच्या शेवटच्या शुक्रवारी मिसेनंतर लोकांनी आवारात केक कापला. तीस वर्षं राहिलेला माणूस निघाला म्हणून सगळे डॅडींना मिठ्या मारत होते. एक आँटी माझ्याकडे आल्या, दोन्ही गाल ओढून म्हणाल्या, "काँग्रॅच्युलेशन्स गं! डॅडी सांगत होते, ग्रॅज्युएट झालीस. आता ते मोकळे."

मी डॅडींकडे बघितलं. हातात केकची प्लेट धरून ते चार माणसांच्या मधून माझ्याकडेच बघत होते, मी आता काय बोलते म्हणून. लहानपणापासून मी त्यांना घाबरत आले होते. ते मला घाबरलेले मी पहिल्यांदा बघितले.

मी आँटींना थँक्यू म्हटलं. मग पुढचे आले, त्यांनाही म्हटलं.